फ्युएल ट्रिमच्या नोंदी आणि मोटारीच्या इंजिनाचे निदान : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दि. 30 मे 2024 रोजी नागपुरातील दोन स्वयंचलित हवामान केंद्रांनी अनुक्रमे 56 आणि 54 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली आणि काही तासांतच हे आकडे देशभर पोहोचले. त्याच दिवशी जिल्ह्यातील इतर दोन स्वयंचलित केंद्रांवर मात्र पारा 44 अंशांच्या आसपास होता. पहिल्या दोन नोंदी सेन्सरच्या बिघाडातून आल्याचे प्रादेशिक हवामान केंद्राने नंतर स्पष्ट केले. मे महिन्यात 45 अंशांचे नागपूरकराला नवल नाही. परंतु एकाच परिसरात, एकाच दुपारी दहा-बारा अंशांचे अंतर पडणे शक्य नाही, ही गोष्ट तुलनेवरूनच उघड होत होती. उपकरणाने दाखविलेला आकडा खरा की खोटा हे त्या एकट्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी दुसरा आकडा शेजारी ठेवावा लागतो.

मोटारीच्या इंजिनाचे निदान करणाऱ्यापुढे हा प्रश्न रोज उभा असतो. कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, सायलेन्सरचा वास घेऊन आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण बिघडल्याचे सांगत असे. आज तोच मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर आकड्यांची रांग पाहतो. या रांगेतील सर्वांत अर्थपूर्ण आणि तितकीच चुकीच्या पद्धतीने वाचली जाणारी नोंद म्हणजे फ्युएल ट्रिम होय. ही नोंद कशी तयार होते, तिच्यावरून बिघाडापर्यंत कसे पोहोचता येते आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्यानंतर तिचा अर्थ कसा बदलला आहे, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मिश्रणाचे प्रमाण आणि ऑक्सिजन सेन्सर

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. यापेक्षा हवा जास्त झाली तर मिश्रण विरल आणि पेट्रोल जास्त झाले तर समृद्ध समजले जाते. गॅरेजच्या भाषेत हेच ‘लीन’ आणि ‘रिच’. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांचा निचरा एकाच वेळी करू शकतो तो या प्रमाणाच्या अगदी जवळच्या अरुंद पट्ट्यात. मिश्रण थोडे विरल झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, थोडे समृद्ध झाले की कार्बन मोनॉक्साइड. केवळ इंजेक्टर बसवून हा पट्टा सांभाळता येत नाही. जळून गेलेल्या वायूंची तपासणी करून पुढच्या मात्रेत दुरुस्ती करणारी यंत्रणा त्यासाठी आवश्यक ठरते.

ही तपासणी ऑक्सिजन सेन्सर करतो. बॉश कंपनीने 1976 साली त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम वापरला गेला. झिर्कोनियाच्या तापलेल्या आवरणाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू असतो. दोन्हींतील ऑक्सिजनच्या फरकातून विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रण समृद्ध असेल तर तो 0.9 व्होल्टकडे जातो, विरल असेल तर 0.1 व्होल्टकडे येतो. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला यात नेर्न्स्टचे समीकरण ओळखता येईल. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो फक्त ऑक्सिजन ओळखतो. पुढे येणाऱ्या बहुतेक फसवणुकींचे मूळ या एका वाक्यात आहे.

ट्रिमची नोंद : स्वरूप

इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवितो. हा पायाभूत हिशेब झाला. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर ‘अजून ऑक्सिजन उरला आहे’ असे सांगत असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवितो, उलट असेल तर घटवितो. पायाभूत हिशेबावर केलेली ही टक्केवारीतील वाढ-घट म्हणजे फ्युएल ट्रिम. अधिक चिन्ह म्हणजे पेट्रोल वाढवावे लागत आहे, उणे चिन्ह म्हणजे कमी करावे लागत आहे. अधिक आकडा पाहून ‘गाडी रिच चालते आहे’ असा निष्कर्ष काढणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. अधिक आकड्याचा अर्थ असा की गाडी विरल होत होती आणि ईसीयूने ती सावरली आहे.

ट्रिम दोन प्रकारची असते. अल्पकालीन ट्रिम क्षणाक्षणाला हलते. ती एकाच दिशेने बराच वेळ झुकलेली राहिली तर तिचा भार दीर्घकालीन ट्रिमकडे सोपविला जातो आणि अल्पकालीन पुन्हा शून्याभोवती झुलू लागते. दीर्घकालीन ट्रिम ही ईसीयूची शिकलेली आठवण असून ती इंजिनाच्या वेगवेगळ्या वेग-भारांसाठी वेगवेगळ्या कप्प्यांत साठविलेली असते. निदानासाठी दोन्हींची बेरीज पाहावी लागते. दीर्घकालीन +12 आणि अल्पकालीन −10 असेल तर इंजिनाला त्या क्षणी फक्त 2 टक्के वाढीव पेट्रोल लागते आहे; मात्र जवळच्या भूतकाळात परिस्थिती वेगळी होती, एवढे त्यावरून समजते.

स्कॅनरवर 7.81 किंवा 3.91 असे दोन दशांश स्थळांचे आकडे दिसतात. त्यांच्या अचूकतेवर विसंबून राहू नये. ही नोंद 0 ते 255 या पूर्णांकात पाठविली जाते. 128 म्हणजे शून्य. त्यामुळे एका पायरीची किंमत 0.78 टक्के होते आणि 7.81 हा केवळ दहावा टप्पा असतो. सार्थ अंकांचा धडा शिकविताना यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागू नये.

नागपूरची हवा आणि ट्रिम

ट्रिम नेमके काय दाखविते, हे समजण्यासाठी ती काय दाखवीत नाही ते पाहणे उपयुक्त ठरते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या पहाटे 12 अंश तापमानाला असलेल्या हवेच्या तुलनेत मेच्या दुपारी 45 अंशांची हवा, दाब सारखाच धरला तरी, सुमारे 10 टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे उन्हाळ्यात ट्रिम 10 टक्क्यांनी उणे व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. हवेचे तापमान आणि दाब किंवा वस्तुमान मोजणारे सेन्सर गाडीत असतात आणि त्यांचा बदल पायाभूत हिशेबातच धरला जातो. जे मोजले गेले त्याची दखल हिशेबात होते. जे मोजले गेले नाही ते ट्रिममध्ये येते. फ्युएल ट्रिम हे बिघाडाचे नाव नसून हिशेबात न धरलेल्या सर्व गोष्टींची बाकी आहे, असे म्हणता येईल. मग ती गोष्ट फाटलेली रबरी नळी असो, थकलेला पेट्रोल पंप असो, की टाकीतल्या इंधनाची बदललेली जात असो.

तरीही उन्हाळ्याचा काही परिणाम ट्रिमवर उमटतोच. भर उन्हात उभी केलेली गाडी पुन्हा सुरू केल्यावर हवेच्या तापमानाचा सेन्सर स्वतःच तापलेला असतो; आत येणारी हवा प्रत्यक्षाहून गरम असल्याचे तो कळवितो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि ट्रिम काही मिनिटे अधिक दिसते. याउलट, तापलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ जास्त होते. ही वाफ कोळशाच्या डब्यात साठवून पर्ज व्हॉल्व्हमार्गे इंजिनात ओढली जाते. इंजेक्टरच्या हिशेबाबाहेरचे हे पेट्रोल असल्यामुळे त्या वेळी ट्रिम उणे होते. गरम पेट्रोलची घनता घटल्यामुळेही एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. म्हणून मे महिन्यात दुपारी गॅरेजच्या अंगणात घेतलेली एकच नोंद निदानाला पुरेशी मानू नये. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिनाचे तापमान स्थिरावल्यावर नोंद घ्यावी आणि शंका असल्यास पर्जची नळी काढून, तिचे इंजिनाकडील तोंड बंद करून ती पुन्हा घ्यावी. उणे आकडा लगेच शून्याकडे आला तर इंजेक्टर काढण्याचे कारण उरत नाही.

तीन अवस्थांतील नोंदी

निदानाचे खरे काम एका आकड्याने होत नाही. आकड्यांच्या चालीने होते. इंजिन आयडलवर असताना, सुमारे 2500 फेऱ्यांवर स्थिर धरले असताना आणि रस्त्यावर भार घेऊन चालत असताना, अशा तीन अवस्थांत एकूण ट्रिम लिहून काढली की बिघाडाची दिशा बहुधा स्पष्ट होते.

हवेची गळती हे पहिले उदाहरण. इनलेट मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा निर्वाताची नळी तडकली तर हवेच्या सेन्सरला वळसा घालून थोडी हवा आत शिरते. आयडलवर इंजिन मुळात फार कमी हवा घेत असल्याने ही चोरटी हवा प्रमाणाने मोठी ठरते आणि ट्रिम +20 च्या पुढे जाऊ शकते. फेऱ्या वाढल्या की एकूण हवा अनेक पटींनी वाढते, गळती मात्र तेवढीच राहते किंवा घटते. परिणामी ट्रिम शून्याकडे सरकते. आयडलवर जास्त आणि वेगात कमी, ही गळतीची ओळख होय.

पंप कमजोर झाला किंवा फिल्टर तुंबला तर चाल नेमकी उलटी असते. आयडलला पुरेल इतके पेट्रोल मिळते. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चार माणसे आणि एसी घेऊन गाडी चढू लागली की मागणी वाढते, दाब पडतो आणि ट्रिम भाराबरोबर चढत जाते. हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसली तरी हीच चाल दिसते, कारण जास्त प्रवाहात तो हवा कमी असल्याचे कळवितो. अशा दोन शक्यतांत निवड करण्यासाठी पेट्रोलचा दाब गेजने मोजणे हाच मार्ग आहे. स्कॅनर येथे थांबतो. तिन्ही अवस्थांत उणे आकडा असेल तर गळका इंजेक्टर, वाजवीपेक्षा जास्त इंधन-दाब, उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल यांचा क्रमाने विचार करावा लागतो.

येथपर्यंतचे विवेचन बहुतेक परदेशी पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु ते हवेचे वस्तुमान थेट मोजणाऱ्या गाड्या गृहीत धरून लिहिलेले असते. भारतातील अनेक लहान गाड्यांत असा सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधील दाब आणि इंजिनाचा वेग यांवरून हवेचा हिशेब केला जातो. अशा गाडीत निर्वाताची नळी फाटली तर मॅनिफोल्डचा दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही सोडतो. चोरटी हवा हिशेबात आपोआप धरली जाते. ट्रिम फारशी हलत नाही. आयडलच्या फेऱ्या मात्र चढतात. अशा गाडीवर ‘ट्रिम ठीक आहे म्हणजे गळती नाही’ असा निर्णय देणे चुकीचे ठरते. उलट व्हॉल्व्हची फट कमी झाल्यामुळे निर्वात घटला असेल तर हा सेन्सर फसतो, हवा जास्त असल्याचे समजून पेट्रोल वाढविले जाते आणि ट्रिम उणे दिसते. आपल्यापुढची गाडी हवा कोणत्या रीतीने मोजते हा प्रश्न आकडे वाचण्यापूर्वीच विचारला पाहिजे. प्रशिक्षण वर्गांतील तक्त्यांत तो सहसा दिसत नाही, ही त्या तक्त्यांची मोठी उणीव आहे.

एअर फिल्टरबाबतचा समजही कार्बोरेटरच्या काळातला आहे. तुंबलेल्या फिल्टरमुळे कार्बोरेटरची गाडी समृद्ध होत असे. इंजेक्शनच्या गाडीत हवा फिल्टरनंतर मोजली जाते. हवा कमी तर पेट्रोलही कमी. पिकअप घटतो, ट्रिम बिघडत नाही.

फसव्या नोंदी

एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, म्हणजे गाडी मिसिंग करू लागली, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. तो मिश्रण विरल असल्याचे कळवितो आणि आधीच पेट्रोल वाया घालविणाऱ्या इंजिनात ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो. सायलेन्सरला पेट्रोलचा वास आणि स्कॅनरवर अधिक ट्रिम, अशी विसंगती दिसली की इंजेक्टरपूर्वी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासावी. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट पाइपला चीर गेली असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच भास होतो. या ठिकाणी मिस्त्रीचे नाक स्कॅनरपेक्षा विश्वासार्ह ठरते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

सीएनजी किट बसविलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. गॅसवर चालतानाही मूळ ईसीयू ट्रिम शिकत असतो. किटचे मोजमाप नीट जुळविलेले नसेल तर गॅसवर शिकलेली चुकीची आठवण पेट्रोलवर आल्यावर लागू होते. मार्च 2022 मध्ये नागपुरात सीएनजीचा दर किलोला 120 रुपयांवर गेला होता. अशा दरवाढीनंतर बराच काळ गॅसवर चाललेली गाडी पेट्रोलवर आणली की ती अडखळते आणि दोष पेट्रोलच्या भागांवर येतो, वास्तविक तो किटच्या जुळणीत असतो.

इथेनॉल आणि सरकलेली आधाररेषा

भारतात पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला. अनेक वर्षे तो कागदावर अधिक आणि पंपावर कमी होता. 2013-14 मध्ये देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. त्यानंतर वेग वाढला. 10 टक्क्यांचा टप्पा जून 2022 मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के मिश्रणाची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली आणि 2025 मध्ये ते देशभर सर्रास झाले. इथेनॉलशी नागपूरचा संबंध याहून जुना आहे. ऑगस्ट 2014 मध्ये स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस या शहरात प्रायोगिक स्वरूपात धावू लागली होती. ते इंजिन डिझेलसारखे दाबाने पेट घेणारे असल्यामुळे येथील ट्रिमच्या चर्चेत ते बसत नाही, एवढे नमूद करून पुढे जाणे योग्य होईल.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो इथेनॉल जाळण्यास 14.7 नव्हे, सुमारे 9 किलो हवा पुरते. घनतेचा फरक धरून हिशेब केला तर 10 टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे 14.1 आणि 20 टक्के मिश्रणासाठी सुमारे 13.5 येते. हवा तेवढीच असेल तर इंधन अधिक सोडले पाहिजे. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या इंजिनात 20 टक्क्यांचे मिश्रण भरले तर सुमारे 8 टक्के, आणि 10 टक्क्यांवर बेतलेल्या इंजिनात सुमारे 4 टक्के अधिक इंधन लागेल. सर्वसाधारण गाडीत इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर नसतो. ही बाब हिशेबाबाहेर राहते आणि वर सांगितल्याप्रमाणे ट्रिममध्ये येते.

या वाढीत कोणताही बिघाड नाही. उलट यंत्रणा आपले काम चोख करीत असल्याची ती खूण आहे. अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रारही याच हिशेबाची दुसरी बाजू होय. नीती आयोगाच्या 2021 मधील आराखड्यात शून्य टक्क्यांसाठी रचलेल्या व 10 टक्क्यांवर जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत 20 टक्के मिश्रणामुळे 6 ते 7 टक्के, तर 10 टक्क्यांसाठी रचून 20 टक्क्यांवर जुळविलेल्या गाड्यांत 1 ते 2 टक्के घट अपेक्षिली होती. जुनी रबरे आणि सील यांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. ट्रिमवरून त्याचे उत्तर मिळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 20 टक्के मिश्रणाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, तरी ग्राहकांमधील चर्चा थांबली नाही.

गॅरेजमध्ये मात्र या बदलाचा परिणाम फार व्यावहारिक आहे. समजा, 2023 पूर्वीच्या दोन सारख्या गाड्या आल्या. दोन्हींत हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर आहे आणि दोन्ही मालकांची तक्रार अ‍ॅव्हरेजची आहे. पहिलीच्या नोंदी आयडलवर +6, 2500 फेऱ्यांवर +5 आणि भारावर +6 अशा आहेत. दुसरीच्या +22, +11 आणि +6. जुन्या तक्त्याप्रमाणे पहिल्या गाडीला ‘थोडी लीन’ ठरवून ऑक्सिजन सेन्सर बदलला जाण्याचा आणि इंजेक्टर साफ केले जाण्याचा धोका आहे. मालकाचे काही हजार रुपये जातात आणि आकडा जागचा हलत नाही. वास्तविक तिन्ही अवस्थांत समान असलेला अधिक आकडा हा इंधनाच्या जातीचा ठसा आहे. दुसऱ्या गाडीतून हाच 6 चा भाग वजा केला तर उरतात +16, +5 आणि शून्य. म्हणजे हवेच्या गळतीचे निखळ चित्र. वजाबाकी केली नाही तर भारावरही अधिक आकडा दिसून पंपाचा संशय येतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एकूण दुरुस्ती साधारणतः 20 ते 25 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ईसीयू पी 0171 हा सांकेतिक क्रमांक नोंदवून चेक इंजिनचा दिवा लावतो. नेमकी मर्यादा उत्पादकागणिक वेगळी असते. यातील 4 ते 8 टक्के इथेनॉलनेच खर्च केले असतील तर पूर्वी दुर्लक्षणीय ठरलेली बारीक गळतीही दिवा लावू शकते. अशा वेळी ‘नवीन पेट्रोलने गाडी बिघडविली’ असे मालक म्हणतो आणि ‘पेट्रोलचा काही संबंध नाही’ असे मिस्त्री सांगतो. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर असते. उलट 20 टक्क्यांवर जुळविलेल्या नव्या गाडीत इथेनॉलरहित पेट्रोल भरल्यास ट्रिम उणे होईल आणि गळक्या इंजेक्टरचा भास निर्माण होईल. पूर्ण वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहत नाही. तेव्हा आधी शिकलेली दीर्घकालीन ट्रिमच इंजिनाला विरल होण्यापासून वाचविते.

नोंद पुसण्याची सवय

हे लक्षात घेता, गाडी आली की प्रथम बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ करण्याची पद्धत किती हानिकारक आहे ते कळून येते. त्यामुळे दिवा विझतो, पण अनेक गाड्यांत कप्प्याकप्प्यांत साठलेली दीर्घकालीन ट्रिमही शून्य होते आणि दिवा लागला त्या क्षणाची गोठविलेली नोंद पुसली जाते. रुग्णाचा तापाचा तक्ता फाडून तपासणीला बसण्यासारखा हा प्रकार आहे. पुन्हा शिकण्यास गाडीला बरेच किलोमीटर वेगवेगळ्या परिस्थितींत चालावे लागते. स्कॅनर जोडावा, आकडे कागदावर लिहून घ्यावेत, मग पाना हाती घ्यावा, हा क्रम ठेवण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

जुन्या गाड्यांबाबत एक मर्यादा आहे. भारत स्टेज 4 मानके 1 एप्रिल 2010 रोजी प्रथम तेरा शहरांत लागू झाली. त्यांत सोलापूर होते, नागपूर नव्हते. या मानकांच्या गाड्यांना स्वयंनिदान यंत्रणेचा पहिला टप्पा 2010 पासून आणि दुसरा 2013 पासून बंधनकारक झाला; देशभर ही मानके 1 एप्रिल 2017 रोजी आली. त्यामुळे दरम्यानच्या काळात नागपुरात घेतलेल्या प्रत्येक गाडीत सर्व नोंदी सर्वसामान्य स्कॅनरवर मिळतीलच असे नाही.

आधाररेषा ठरविताना टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल खरोखर किती आहे, हे माहीत असणे इष्ट असते. पंपावरील पाटीवर विसंबण्याऐवजी ते महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत अर्ध्या तासात तपासता येते. बूच असलेल्या 100 मिलिलिटरच्या अंशांकित नळकांड्यात 20 मिलिलिटर पाणी आणि 80 मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, हलवून वाफ सोडावी आणि दोन थर स्वच्छ वेगळे होईपर्यंत ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. इथेनॉलरहित पेट्रोलात खालचा थर 20 वरच राहील, 10 टक्के मिश्रणात तो 28 च्या आणि 20 टक्के मिश्रणात 36 च्या किंचित खाली थांबेल. पाणी आणि इथेनॉल एकत्र आल्यावर आकारमान थोडे आकुंचन पावते, म्हणून ‘किंचित खाली’. हा प्रयोग हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर करावा आणि पाणी लागलेला नमुना पुन्हा टाकीत ओतू नये. त्याच दिवशी, त्याच गाडीच्या तीन अवस्थांतील ट्रिम या आकड्याशेजारी लिहून ठेवावी. पुढच्या वेळी ती गाडी तक्रार घेऊन आली, तर तुलनेसाठी दुसरा आकडा हाताशी असेल.